मे महिना फुल आहे

फोनवर लगेच ‘हो’ म्हणायचं नाही, हे मला माझ्या नवऱ्यानं शिकवलं. आता त्याच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही, कारण शिकले मी हौसेनं आणि पुढं चांगली तरबेजही झाले. पण शिकवणी त्याची, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, बाई भलतीच आगाऊ दिसते.

माझा नवरा दिलीप नट आहे. पेपरात ज्याचा फोटो येतो तो नव्हे. जाहिरातीत सगळ्यात खाली, बारीक टायपात जी नावं असतात, त्यांतला. आधी गिरणीत टाइमकीपर होता आणि संध्याकाळी नाटकं करायचा. संपात गिरणी बंद पडली तेव्हा घरोघर रडारड चालली होती, आणि हा म्हणतो, “वैजू, देवानंच दार उघडलं बघ. आता फुलटाइम नाटक!” मी म्हटलं, दार उघडलं खरं, पण ते तुला बाहेर काढायला. यावर तो पोटभर हसला. हीच तर पंचाईत. माणूस असा हसला की माझा राग तोंडातल्या तोंडात राहतो.

आमची ओळखही नाटकातलीच. ऑफिसांच्या नाट्यस्पर्धेत तो नट आणि मी विंगेतली प्रॉम्प्टर. त्यामुळं घरात आम्ही अरे-तुरे करतो. चारचौघांत मात्र मी अहो-जाहो करते, तेवढी रीत पाळते.

गिरणी चालू होती तेव्हाच आम्ही वाशीला फ्लॅट घेतला. दोन खोल्या, खिडकीतून खाडीचा वारा, सगळं छान. पण नाटकाचा धंदा सगळा तिकडे दादर-गिरगावात. थेटराबाहेर कट्टा असतो. तिथं नट उभे राहतात, चहा पितात, एकमेकांची उणीदुणी काढतात. एखादा नट आजारी पडला की मॅनेजर बाहेर येऊन बघतो, समोर कोण आहे. जो दिसला त्याचं नशीब. आम्ही खाडीपलीकडे आलो आणि दिसायचेच बंद झालो. घरी टेलिफोन नाही. अर्ज केलेला, पण नंबर लागायला आमच्या नातवंडांची मुंज उजाडेल असं ऑफिसातले म्हणायचे.

मग माझं ऑफिस कामाला आलं. बेलापूरला सरकारी कचेरी, मी आवक-जावक टेबलावर. येणारं पत्र माझ्या रजिस्टरात चढल्याशिवाय आत जात नाही, आणि फोनही माझ्याच टेबलावर. दिलीपनं सगळ्या नाटक कंपन्यांना माझा नंबर देऊन टाकला. साहेब आधी कुरकुरले. त्यांना दोन पास दिल्यावर गप्प बसले.

“हे बघ,” दिलीपनं मला समजावलं होतं, “रिकामा नट कुणालाच नको असतो. रिकाम्या खानावळीत कुणी जेवायला शिरतं का? म्हणून कुणी तारीख मागितली की म्हणायचं, डायरी बघते. मग जरा थांबायचं. पानं वाजवायची. मग म्हणायचं, कठीण आहे हो. समोरचा म्हणतो, बघा ना काहीतरी. मग आपण म्हणायचं, बरं, तुमच्यासाठी म्हणून करते.”

“आणि तो म्हणालाच नाही, बघा ना काहीतरी?”

“म्हणतोच. सगळे म्हणतात. धंदा आहे.”

डायरी होती. बँकेनं फुकट दिलेली, निळ्या कव्हराची. तिच्यात महिन्याला फार तर तीन-चार तारखा. पण तिची पानं पातळ, फोनवर ऐकू जाईनात. म्हणून मी आवक रजिस्टरची पानं उलटायचे. जाडजूड कागद, खळ्ळकन आवाज व्हायचा. शेजारच्या टेबलावरची सुचित्रा तोंडात पदर कोंबून हसायची. “सतरा? अगंबाई, सतरा गेली हो. अठरा सकाळी कदाचित...” असं मी बोलायला लागले की दोन चपराशी काम सोडून ऐकत उभे राहायचे. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं. आयुष्यभर मी विंगेत बसून दुसऱ्याची वाक्यं सांगितली, हे वाक्य माझं होतं. दोन वर्षांत दिलीपची नाइट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, साठाची शंभर झाली. लोक म्हणायला लागले, दिलीप बिझी असतो.

बिझी कसला डोंबलाचा! महिन्यातले पंचवीस दिवस घरात येरझारा. खिडकी ते दार, दार ते खिडकी. खालच्या मजल्यावरच्या मीनाताईंनी एकदा विचारलं, “मिस्टरांना रात्रपाळी असते का हो?” मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

चौऱ्याऐंशी सालच्या मार्चमध्ये मी टेकीला आले. दिलीप बेचाळीस वर्षांचा, घर माझ्या एकटीच्या पगारावर. माझा भाऊ बंडू ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत सुपरवायझर होता. त्यानं साहेबांच्या हातापाया पडून दिलीपसाठी टाइम ऑफिसात जागा काढली. तीन शिफ्टची नोकरी. सेकंड शिफ्ट लागली की नाटक संपलंच. मी दिलीपला म्हटलं, “एप्रिलअखेरपर्यंत मोठं काम आलं तर तू आणि तुझं नाटक. नाही आलं तर दोन मेला कंपनीत हजर व्हायचं. मान्य?”

“मान्य,” तो म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की मलाच कसंतरी झालं.

आता मोठं काम म्हणजे काय, तेही आम्हा दोघांना पक्कं माहीत होतं. एका नाटक कंपनीचं कौटुंबिक नाटक तेव्हा जोरात चाललं होतं. त्यातला मामाचा रोल करणाऱ्या नटाचा घसा गेला होता आणि डॉक्टरांनी त्याला दोन महिने बोलायची बंदी केली, अशी कट्ट्यावरची बातमी. दिलीपनं ते नाटक अकरा वेळा पाहिलं होतं. मामाचा अख्खा रोल त्याला तोंडपाठ. दाढी करताना म्हणायचा, भाजी चिरताना म्हणायचा. आणि मी त्याची बायको म्हणून सांगत नाही, प्रॉम्प्टर म्हणून सांगते, त्या मूळ नटापेक्षा चांगला म्हणायचा.

त्या कंपनीचे मॅनेजर गोटीरामकाका. साठीचा माणूस, पांढरा शर्ट, खांद्याला शबनम. धंद्यात त्यांची एक ख्याती होती. दुसऱ्याची तारीख मोडून नट घ्यायचा नाही. एकदा हाउसफुल्ल प्रयोग रद्द केला, तिकिटांचे पैसे परत केले, पण दुसऱ्या कंपनीला शब्द दिलेला नट पळवला नाही. लोक त्यांना मूर्ख म्हणायचे आणि त्यांच्याच पाया पडायचे.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी, साडेअकराला, फोन वाजला.

“वैजयंतीबाई ना? गोटीराम बोलतोय.”

मी सुचित्राला हातानं खूण केली, गप्प बस म्हणून.

“बोला काका.”

“दिलीपरावांचा मे महिना कसा आहे?”

बस्स. एवढंच विचारलं त्या माणसानं. आणि उत्तर काय होतं? कोरा आहे काका, कोराकरकरीत आहे, आजपासून न्या! पण दोन वर्षांची जिभेला लागलेली सवय. मी म्हटलं, “डायरी बघते हं.” रजिस्टरची पानं खळखळ उलटली. मनात दहा आकडे मोजले. आणि म्हटलं, “अगंबाई, काका, मे महिना तर फुल आहे.”

आता ते म्हणणार, बघा ना काहीतरी. मी म्हणणार, बरं, तुमच्यासाठी म्हणून. वाक्य माझ्या ओठावर तयार होतं.

“अस्सं,” काका म्हणाले. “मग राहू दे. दुसऱ्याच्या तारखांना आपण हात लावत नाही. दिलीपरावांना माझा नमस्कार सांगा.”

आणि फोन ठेवला.

मी “काका, काका” करत राहिले. सुचित्रा म्हणाली, “काय गं, काय झालं?” मला तिच्या तोंडाकडे बघवेना. बेलापूरहून मुंबईला फोन लावायचा म्हणजे साहेबांची परवानगी आणि ऑपरेटरची मेहेरबानी. तीन तास धडपडले. अडीचला एकदाचा लागला, तर कंपनीच्या ऑफिसातल्या कुणीतरी उचलला. काका बाहेर गेलेत. रविवारी बोनकोड्याला जाणार आहेत, तिथल्या जत्रेचा प्रयोग ठरवायला. निरोप ठेवू का?

काय निरोप ठेवणार? की दोन वर्षं मी खोटं बोलत होते, नवऱ्याची डायरी रिकामी आहे? तासाभरात अख्ख्या कट्ट्याला कळलं असतं. “नको,” म्हटलं, “सहज केला होता.”

घरी आले तर दिलीप दारातच उभा. “कुणाचा फोन?”

“कुणाचा नाही,” मी म्हटलं आणि सरळ मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसले. नवऱ्याशी असं खोटं मी पहिल्यांदा बोलले. फोनवरचं खोटं धंद्यातलं होतं, ते मी खोट्यात धरतच नव्हते. हे मात्र खोटंच होतं.

शनिवारी सकाळी तो दादरला गेला. मला सुट्टी होती. मी घरात भांडी घासली, परत घासली, गाद्या उन्हात टाकल्या. मनाला एक क्षण थारा नव्हता. वाटायचं, त्याला तिथं कळेल. मग वाटायचं, कळू दे एकदाचं, भांडण होईल, मोकळी होईन. दुपारी तो परत आला आणि चपला काढून खिडकीपाशी जाऊन बसला.

“काय म्हणतंय दादर?” मी विचारलं.

“काय म्हणणार? ऊन आहे.”

मग उठला आणि पांढरा शर्ट इस्त्री करायला घेतला. कंपनीत दोन तारखेला घालायचा तो शर्ट. कॉलरवरून दहा वेळा इस्त्री फिरवली. मामाचा एक शब्द त्याच्या तोंडातून आला नाही, आणि येरझाराही बंद. तो चालत होता तेव्हा मी चिडायचे. आता तो चालत नव्हता आणि मला घरात बसवेना.

रविवारी सकाळी मी पिशवी घेतली. पर्समध्ये निळी डायरी टाकली. “ताजी मासळी मिळते का बघून येते,” म्हटलं आणि बाहेर पडले. बोनकोडे आमच्यापासून फार लांब नाही. बसनं उतरून विचारत विचारत गेले. त्या भागात तेव्हा एका बाजूला नव्या बिल्डिंगांचे सांगाडे आणि मधेच जुनं गाव, देऊळ, दारात सुकत घातलेली सुकट. जत्रेच्या नाटकाचं कंत्राट घेणारा रोहिदास म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. नव्या शहरासाठी जमीन गेल्यावर त्यानं दोन ट्रक घेतले होते. त्याचं घर पोरासोरांनीही दाखवलं.

ओटीवर रोहिदास आणि गोटीरामकाका समोरासमोर बसले होते आणि रोहिदास तापला होता. “मामा बदलला तं आमाला आदी सांगाचा ना! आमी गावाला काय सांगू? पेपरान फोटू येतो त्यो मामा पायजे. यो सुभाष कोन? कोन वलखतंय त्याला?”

सुभाष. म्हणजे रोल गेला होता. रोहिदासच्या बायकोनं, बायजानं, मला बघितलं आणि म्हणाली, “ये गो ताय, बस. कोन पायजे?” तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मी पाणी प्यायले नाही. मी काकांच्या पुढं जाऊन उभी राहिले आणि निळी डायरी उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली.

“काका, हा मे महिना.”

त्यांनी चष्मा लावला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. एकतीस दिवस, सगळे कोरे. दोन तारखेवर फक्त ‘बंडू, कंपनी’ असं माझ्या अक्षरात लिहिलेलं.

“मी खोटं बोलले,” मी म्हटलं. “ऑफिसातलं रजिस्टर वाजवलं आणि खोटं बोलले. मला वाटलं तुम्ही म्हणाल, बघा ना काहीतरी. सगळे म्हणतात. यांना यातलं काही ठाऊक नाही. शिक्षा करायची तर मला करा.”

काकांनी डायरी मिटली.

“ठाऊक नाही कसं? दिलीप काल सकाळी माझ्याकडे आला होता.”

“काल?” मी म्हटलं.

“कट्ट्यावर उभा होतो. दहा-बारा जण होते. मी म्हटलं, काय रे, तुझा मे फुल आहे म्हणे, बाईंनी सांगितलं. तर त्याचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. त्याला बाजूला घेतलं, म्हटलं, दिलीप, खरं सांग, मोकळा असशील तर मामा तुझा. तर म्हणतो, ‘नाही काका, फुलच आहे. माझ्या तारखा तीच बघते. ती खोटं नाही बोलत.’”

“आणि तुम्ही खरं मानलंत?” माझा आवाज चढला. “चाळीस वर्षं नट बघताय तुम्ही! तुम्हाला कळलं नाही तो खोटं बोलतोय ते?”

“न कळायला काय झालं? वाईट खोटं बोलतो तो.” काकांनी डायरी माझ्या हातात दिली. “पण बाई, तारखेच्या बाबतीत नटाचा शब्द शेवटचा. तो म्हणाला नाही, की नाही. तो नाही म्हणतोय आणि मी म्हणतोय, हट्, तू रिकामाच आहेस, असा धंदा करता येतो का? संध्याकाळी सुभाषला बोलावलं. आमच्याच नाटकात पोस्टमन करतो, तरी रोज कट्ट्यावर असतो. कुणीही विचारलं की म्हणतो, मी मोकळा आहे. दहा वर्षं तेच म्हणतोय बिचारा.”

म्हणजे शनिवारी दुपारी तो माणूस घरी आला, शर्टाला इस्त्री करत बसला, आणि सगळं ठाऊक असून मला एका शब्दानं बोलला नाही. आणि मी इकडं त्याला कळू नये म्हणून दोन दिवस भांडी घासतेय! मला त्याचा असा संताप आला, असा संताप आला, की बायजा “कालवन हाय गो, जेवून जा” म्हणत असताना मी पायरी उतरले. रस्त्यावर रिक्षा दिसली तिला हात केला. एरवी मी रिक्षा करत नाही.

दिलीप बनियनवर बसून तांदूळ निवडत होता.

“मासळी?” त्यानं विचारलं.

“शर्ट घाल.”

“का?”

“काल तू गोटीरामकाकांना काय सांगितलंस?”

त्याचा हात थांबला. “तू बोनकोड्याला गेली होतीस?”

“मी कुठंही गेले असेन! तुझ्या हातात रोल ठेवला होता त्या माणसानं. बाजूला घेऊन विचारलं. आणि तू माझं खोटं चालू ठेवलंस? का?”

“मग काय करू?” तोही उसळला, जन्मात पहिल्यांदा. “चारचौघांत तुला खोटं पाडू? सगळे उभे होते तिथं. उद्यापासून तू फोन उचलला की म्हणाले असते, ही बघा, दिलीपची खोटारडी बायको. तू माझ्यासाठीच बोललीस ना? मीच शिकवलं ना तुला?”

“पाडायचं होतंस! तोंडावर पाडायचं होतंस मला! मी काय मेले असते? ज्याच्यासाठी बोलले ते तर हातचं घालवलंस, आता माझी अब्रू घेऊन काय चाटू?”

खालून मीनाताईंचं दार उघडल्याचा आवाज आला. ऐकू दे म्हटलं.

तो खाली बसला. ताटातले तांदूळ बोटानं इकडून तिकडं सरकवत म्हणाला, “जाऊ दे वैजू. परवा कंपनीत जातोच आहे.”

“परवा नाही, बुधवारी. आज रविवार आहे,” मी म्हटलं. मग मलाच रडू फुटलं. पण रडत बसले नाही. “जा तू कंपनीत. खुशाल जा. पण त्याआधी त्या माणसासमोर उभा राहा आणि एकदा, फक्त एकदा, सांग की मी मोकळा आहे. रोल नको मागूस. नुसतं खरं बोल. नाहीतर तू त्या गेटावर लोकांची कार्डं पंच करत बसशील आणि माझ्याकडे बघशील ना, तर मला दर वेळी हेच दिसेल, की माझ्या एका वाक्यापायी याचं सगळं गेलं.”

त्यानं तांदळाचं ताट बाजूला ठेवलं. मग उठला आणि खुंटीवरचा रोजचा शर्ट घातला.

आम्ही पोचलो तेव्हा ओटीवर पानं वाढली होती. मामाचा नट बदलल्याबद्दल रोहिदासनं कंत्राटात बरीच सूट मिळवली होती आणि आता तो खुशीत होता. “आले, आले! बसा. बायजा, आनखी दोन पानं घाल गो.”

दिलीप बसला नाही. ओटीच्या कडेला उभा राहिला, शाळेतल्या पोरासारखे हात बाजूला सोडून.

“काका, मी मोकळा आहे. मे महिना पूर्ण मोकळा आहे. काल मी खोटं बोललो.”

“माहीत आहे,” काका म्हणाले. “पण मामाचा शब्द गेलाय माझा.”

“रोल मागायला नाही आलो.”

“मग बस.”

तरी तो बसेना. काकांनी भाताचा घास घेतला, सावकाश चावला. मला त्या माणसाच्या शांतपणाचा राग यायला लागला होता. मग ते म्हणाले, “सुभाष मामा झाला, त्याची जागा रिकामी झाली. पोस्टमन. दोन प्रवेश, सात वाक्यं. नाइट साठ रुपये, जास्त देता येणार नाही. जाहिरातीत नाव नाही. मेमध्ये बावीस प्रयोग, त्यात दहा दिवस विदर्भाचा दौरा. मंगळवारी पहिला.”

सात वाक्यं. अकरा वेळा नाटक पाहिलेल्या माझ्या नवऱ्याला सात वाक्यं, आणि मामाची सगळी वाक्यं सुभाषला. पोस्टमन मामाला पत्र देतो आणि निघून जातो. ते पत्र वाचून मामा जे बोलतो त्यावर रोज टाळी पडते. दिलीप तोवर विंगेत गेलेला असणार.

दिलीपनं जमिनीकडे बघितलं. त्याला हवं होतं. देवाशप्पथ सांगते, साठ रुपयांत, बिननावाचं, सुभाषच्या उष्ट्यातलं, तरी त्याला हवं होतं. मी विंगेत बसून इतकी वर्षं नटांचे चेहरे बघितलेत, वाक्य आठवतंय पण तोंडातून येत नाही तेव्हा असाच चेहरा होतो. पण मान्य म्हणून शब्द दिलेला होता त्यानं मला. मोठं काम आलं तर. हे मोठं काम नव्हतं. आणि बुधवारी बंडू गेटावर उभा राहणार होता, साहेबांपुढं आपली मान अडकवून.

“बोल,” काका म्हणाले. “तारखा आहेत का?”

दिलीप शर्टाचं बटण चाचपत राहिला. मग काकांनी माझ्याकडे मान वळवली. “का बाई, तुम्हीच सांगा. तारखा तुम्ही बघता ना?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रोहिदास, बायजा, सगळे. माझ्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा बंडू आला. मग गॅसचा नंबर, सोसायटीचा मेंटेनन्स, माझा एकटीचा पगार, म्हातारपण. दहा आकडे मोजायला लागतो तेवढाही वेळ झाला नसेल.

“मोकळे आहेत,” मी म्हटलं. “अख्खा मे.”

दिलीपनं चटकन माझ्याकडे पाहिलं. अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, “अख्खा?”

“अख्खा,” मी म्हटलं. “बस आता, जेव.”